सोनूची ओ

मी बोगद्यात नव्हतो. प्रकरणाचा प्रारंभ नकाराने करणे अशिष्ट समजले जाते हे मला ठाऊक आहे. परंतु इतकी वर्षे माझ्या नावावर जे खपवले गेले, त्याला आधी दार लावल्याशिवाय मला पुढे सरकता येणार नाही. आमच्या जुन्या युनियनने काढलेल्या स्मरणिकेत असे छापले आहे की, पडताळणीच्या दिवशी तरुण प्रकाशने जिवाची पर्वा न करता कमानी गटारात लपून, मरण पावलेल्या सोनूच्या नावाला ओ दिली आणि साऱ्या गँगच्या नोकऱ्या वाचवल्या. त्या मजकुराखाली माझे छायाचित्रही आहे. माझा धाकटा भाऊ मिलिंद, जो त्या काळी शाळेत होता आणि हजेरीच्या जागी एकदाही फिरकला नव्हता, तो लग्नसमारंभांतून ठासून सांगतो की ती ओ सोनूची बायको, सुंदरावहिनी देत असे. मध्यंतरी विद्यापीठातून एक अभ्यासक बाई आल्या. त्यांनी सारे ऐकून घेतले आणि म्हणाल्या की ही ओ म्हणजे सामूहिक प्रतिकाराचे रूपक आहे. मी त्यांना चहा दिला आणि विचारले की, रूपकाला खोकला येतो काय? त्यांनी तो प्रश्न टिपून घेतला नाही.

हे सारे लोक चांगल्या हेतूने खोटे बोलतात, आणि मला चांगल्या हेतूचा तिटकारा आहे. जे घडले ते मी पाहिले आहे, नव्हे, ऐकले आहे. ते तसेच्या तसे मांडतो. ज्यांना पटणार नाही त्यांनी स्मरणिका वाचावी.

डिलाईल रोडवरच्या आमच्या चाळीत आमची आणि सोनूदादाची खोली मुळात एकच होती; मधोमध फळ्या ठोकून तिच्या दोन केल्या होत्या. त्या फळ्यांनी डोळ्यांना आड केले, कानांना नाही. पलीकडे स्टोव्हला पंप मारला की आमच्या भांड्यांच्या मांडणीवरचे पेले किणकिणत. सुंदरावहिनी तांदळाच्या भाकऱ्या थापायची तेव्हा तिच्या बांगड्यांचा एक ठेका लागे, आणि तो थांबला की आई म्हणे, चला, सोनू जेवायला बसला. भाजलेल्या बोंबलाचा वास कोणाच्या तव्यावरून निघाला हे त्या फळ्यांमुळे कधीच ठरवता येत नसे, आणि ज्यांच्याकडे बोंबील असेल त्यांना तो दुसऱ्या बाजूला द्यावाच लागे, कारण वास आधीच जाऊन बसलेला असे. आमच्याकडे बहुधा कुळथाची पिठी आणि भात. पौर्णिमेला संध्याकाळी दोन्ही खोल्यांत एकाच वेळी बुद्धवंदना होई, आणि सोनूदादा प्रत्येक गाथेला मागे पडे. सगळे थांबले की त्याचा एकट्याचा शेवटचा शब्द येई आणि त्यामागे खोकला. तो बोलण्याआधी खोकत नसे. बोलून झाल्यावर खोकत असे. कोरडा, एकच, जणू वाक्याला टाचणी लावली. मी हे तपशील लांबण लावण्यासाठी देत नाही. त्या आवाजाशी माझी ओळख किती जवळची होती हे वाचकाला कळले पाहिजे, एवढ्यासाठीच देतो.

सोनूदादा, माझे वडील भिकाजी आणि मॅट्रिक झाल्यावर मीही, असे आम्ही एकाच गँगमध्ये रोजंदारीवर होतो. कॉटन ग्रीनच्या गोदामांमागे साहेबाच्या काळातले विटांचे एक कमानी गटार आहे. पावसाचे पाणी त्यातून खाडीकडे जाते. माणूस वाकून चालू शकेल एवढी त्याची उंची, म्हणून आम्ही त्याला बोगदा म्हणत असू. त्यातला गाळ काढणे, ढासळलेल्या विटा बसवणे, हे आमचे काम. ओहोटीला आत जायचे आणि भरतीआधी बाहेर यायचे. सकाळची हजेरी बोगद्याच्या तोंडाशीच होई.

या हजेरीचे महत्त्व आजच्या लोकांना समजावून सांगावे लागते. खात्याचा नियम असा होता की, जो रोजंदार सलग कामावर राहील तोच पुढे कायम होण्यास पात्र. मध्ये खंड पडला की मागे केलेले सारे काम नसल्यासारखे. आणि तसा खंड पडावा म्हणून खाते टपलेले असे. ताप आला, बायको अडली, गावी कोणी गेले, तरी खंड पडायचाच. म्हणून आमच्यात एक रीत होती. आजारी माणसाच्या नावाला त्याच्या जोडीदाराने ओ द्यायची. ही रीत चालायची ती बाळा मुकादमामुळे. तो लालबागचा, मूळ मालवणकडचा. अंगाने सुकलेला, स्वभावाने खाष्ट. बोगद्याच्या तोंडाशी पालथ्या घमेल्यावर बसून तो नावे पुकारी आणि पुकारताना मान वर करीत नसे. ओ ऐकू आली की हजर लिही. ऐकू आली नाही की गैरहजर. मी नवा असताना त्याला विचारले होते की, मुकादम, तुम्ही बघत का नाही? तो खालीच बघत म्हणाला, "माजां काम आयकूचां. बघूचां काम सायबाचां." यात लबाडी होती असे म्हणणारे म्हणोत. पण त्या माणसाने जे ऐकले नाही ते कधी लिहिले नाही, आणि जे ऐकले ते कोणाच्याही सांगण्यावरून खोडले नाही. आमच्या साऱ्या कथेचा कणा हा त्याचा हट्ट आहे.

सोनूदादा हजेरीतही मागे पडे. नाव पुकारले की सारे वाट बघत उभे, मुकादम दुसऱ्यांदा हाक मारण्यासाठी श्वास घेई, आणि तेवढ्यात ओ येई. लांब, शेवटी किंचित वर जाणारी, आणि मागून तो खोकला. "सोन्याची ओ बोटीने येते," असे आमच्यातला विठू म्हणे, आणि गँग हसे. सोनूदादाही हसे, पण तेही सगळ्यांचे हसून झाल्यावर.

त्याला कावीळ झाली तेव्हा तो सुंदरावहिनीबरोबर गावी गेला. त्या वेळी आमचा कायम होण्याचा दावा कोर्टात निकालाला आलेला होता. जाताना त्याने माझ्या वडिलांना एवढेच सांगितले की, भिकादादा, माझी ओ सांभाळ. आम्ही ती पाळीपाळीने दिली. थोड्याच दिवसांत सुंदरावहिनी परतली, एकटी. आईने दार उघडले तेव्हा मी मागेच उभा होतो. वहिनीच्या कपाळावर कुंकू होते. म्हणून आईने हसून विचारले, "आणि सोनू कुठाय गं? खाली थांबलाय?" वहिनी आत आली, दार लावून घेतले आणि म्हणाली, "नाय काकी. जाळून आलो." मग कपाळाकडे बोट करून म्हणाली, "हे दिरांनी लावून पाठवलं. म्हणाले, तिथं कुणाला कळू देऊ नको, नायतर सगळं गेलं."

काय गेले असते, ते सांगतो. कायम झालेला कामगार वारला तर त्याच्या बायकोला खात्यात घेत. रोजंदार वारला तर कोणी विचारीत नसे. सोनूदादा निकालापर्यंत कागदावर जिवंत राहिला तर वहिनीला नोकरी होती, आणि नोकरी असली तर डिलाईल रोडची ती अर्धी खोली होती. नाहीतर गावी दिराच्या पडवीत, त्याच्या बायकोने वाढले तर जेवायचे. माझ्या वडिलांनी त्याच दिवशी गँगला चाळीच्या जिन्याखाली बोलावले. फार चर्चा झाली नाही. विठूने एवढेच विचारले की हे किती दिवस, आणि वडील म्हणाले, निकाल लागेपर्यंत. पाळ्या ठरल्या. मुकादमाला कोणी काही सांगायचे नाही असेही ठरले. त्याला कळले नसेल असे मला मुळीच वाटत नाही; परंतु त्याला सांगणे म्हणजे त्याला बघायला लावणे, आणि ते कोणालाच परवडणारे नव्हते.

वहिनी पूर्वी रोज दुपारी नवऱ्याचा डबा घेऊन बोगद्यावर येत असे. ते थांबले असते तर गोदामांतल्या पहारेकऱ्यांपासून साहेबाच्या शिपायापर्यंत सगळ्यांच्या लक्षात आले असते. म्हणून ती येत राहिली. सकाळी आई तिचे कपाळ भरी. आणि वहिनी एकदाही रडली नाही. रडायची सोयच नव्हती. फळ्यांच्या त्या चाळीत रडणारी बाई लपत नाही, आणि चाळीतल्या सगळ्यांनाच विश्वासात घेता येत नव्हते. पलीकडे बांगड्यांचा ठेका लागे, थांबे, आणि थांबल्यावर आता कोणीही जेवायला बसत नसे. ती शांतता आमच्या घरात घासाघासाला ऐकू येई. मिलिंद तेव्हा कुशीवर वळून झोपलेला असे, हेही येथे नोंदवून ठेवतो.

डबा ती बोगद्याच्या तोंडाशी एका दगडावर ठेवी आणि ओहोटीच्या चिखलाकडे तोंड करून बसे. थोड्या वेळाने रिकामा डबा घेऊन परत जाई. आमच्यापैकी प्रत्येकाची समजूत अशी होती की, ज्याची पाळी असेल तो खात असणार.

आता मी त्या सकाळकडे येतो. विठूची पाळी होती. मुकादमाने सोनूचे नाव पुकारले. वेळ गेला. मुकादमाने श्वास घेतला. ओ आली, लांब, शेवटी वर जाणारी, आणि मागे खोकला. मला आठवते की मी मनात म्हटले, विठूने नक्कल छान साधली. पण मग हजेरी पुढे गेली आणि विठूच्या नावाला उत्तरच आले नाही. मी मागे वळून पाहिले. विठू आलाच नव्हता. त्याची बायको परळला इस्पितळात अडली होती आणि तो सकाळपासून तिथे होता, हे दुपारी कळले. शेवटी विठूच्या नावाला माझ्या वडिलांनी घाईने ओ दिली.

संध्याकाळी जेवताना वडील म्हणाले, "सोनूची वेळेवर दिलीस, बरं केलंस."

मी म्हटले, "मी कुठं? मला वाटलं तुम्हीच."

त्यांचा घास तोंडातच राहिला. आई एकदा त्यांच्याकडे आणि एकदा माझ्याकडे पाहत होती. पलीकडे बांगड्या थांबल्या होत्या. वडिलांनी घास गिळला, पाणी प्याले आणि फळ्यांकडे बघत हळू आवाजात म्हणाले की उद्या कोणीच देऊ नका, बघू.

दुसऱ्या दिवशी प्रत्येकाला बजावलेले होते. मी जीभ दातांखाली धरली होती. माझ्या डाव्या हाताला वडील होते. त्यांचे ओठ मिटलेले मी स्वतः पाहिले. उजवीकडे विठू, तो मुलगी झाल्याच्या आनंदात आणि जागरणात, डोळे तारवटलेला, तोंड घट्ट मिटून. नाव पुकारले गेले. पाठीमागच्या झाडावरचे बगळे उडाले, ते पंखांचे फडफडणेही मला आठवते. आणि ओ आली. ती रांगेतून आली नाही. बोगद्यातून आली असेही मी शपथेवर सांगणार नाही. ती अशी आली की आपल्या मागे उभ्या असलेल्या माणसाने आपल्या खांद्यावरून पुढे बोलावे. मग खोकला. मुकादमाने लिहिले आणि पुढचे नाव घेतले.

पुढे एका इंजिनिअरने मला समजावले होते की विटांच्या कमानीत प्रतिध्वनी उठतो. मी त्याला म्हटले की प्रतिध्वनी नाव परत करील. उत्तर कोठून आणील? त्याने विषय बदलला.

लोकांना वाटते की आम्ही घाबरून पळालो असू. ज्यांनी कधी रोजंदारी केली नाही त्यांनाच असे वाटू शकते. आम्हाला त्या आवाजाची भीती वाटली, हे खरे. सकाळी बोगद्याच्या दिशेने चालताना विठूसारखा बडबड्या माणूसही गप्प होई. पण तो आवाज बंद पडला तर काय, याची भीती त्याहून मोठी होती. आम्ही पाळ्या बंद केल्या. रांगेत सोनूदादाची जागा आपोआप मोकळी राहू लागली. आत काम करताना कोणी थट्टा केली नाही, शिवी दिली नाही. आणि डबा? तो आमच्यापैकी कोणीच खात नाही हे त्याच आठवड्यात उघड झाले. ज्याने त्याने दुसऱ्यावर सोडले होते. मिलिंदचे म्हणणे असे की गोदामातली कुत्री खात असणार. कुत्रा डबा उघडतो हे मी मान्य करीन. पुन्हा झाकण लावून ठेवतो, हे मान्य करणार नाही.

वहिनीला हे कोणी सांगावे यावर घरात बरेच दिवस कुजबुज झाली. अखेर आईनेच सांगितले. त्यानंतर एकदा गॅलरीत मी एकटा दिसताच वहिनी जवळ आली. मला वाटले ती रागावेल, किंवा घाबरेल. तिने आजूबाजूला पाहिले आणि विचारले, "अजून खोकतात काय रे?"

मी मान हलवली. दुसऱ्या दिवसापासून डब्यात भाकरीशेजारी ज्येष्ठमधाची कांडी असे. मिलिंदला माझा सवाल आहे: जी बाई स्वतःच ओ देते, ती स्वतःच्या खोकल्यासाठी ज्येष्ठमध कोणाला पाठवते? शिवाय हजेरी सकाळी होई आणि ती दुपारी येई. आवाज फळ्यांतून जातो. डिलाईल रोडवरून कॉटन ग्रीनला जात नाही.

निकाल आमच्या बाजूने लागला. मात्र खात्याने पडताळणी मागितली. नावाला माणूस आहे की नाही ते एक साहेब स्वतः येऊन पाहणार होता. आता कथेचा जो भाग स्मरणिकेने विटाळला, तो हाच. योजना होती, हे मी कधीच नाकारलेले नाही. योजना अशी, की साहेब येण्याआधी मी बोगद्यात शिरायचे, सोनूच्या नावाला आतून ओ द्यायची आणि वडिलांनी सांगायचे की तो पाणी उपसायला आत आहे. मग माझे नाव येईल त्याच्या आत मागच्या मॅनहोलमधून बाहेर पडून मी रांगेत यायचे. योजना वडिलांची होती आणि ते तिच्यावर खूश नव्हते. सकाळी त्यांनी मला बाजूला घेऊन विचारले की, तुझ्या नावाआधी वर पोचशील ना? मी हो म्हटले. पण साहेब ठरल्यापेक्षा आधीच आला. आम्ही सगळे वरच होतो, चहा पीत. त्याने आम्हाला आहे तसे रांगेत उभे केले, स्वतः एकेकासमोर गेला, आणि पहिले नाव त्याने पुकारले ते माझे. का, ते मला ठाऊक नाही. कदाचित मी सर्वांत पुढे, बोगद्याकडे निघालेल्या पवित्र्यात उभा होतो म्हणून. मी माझ्या तोंडाने ओ दिली. त्याने माझ्याकडे नखशिखांत पाहिले आणि खूण केली. म्हणजे जेव्हा सोनूचे नाव आले, तेव्हा मी त्याच्या डोळ्यांसमोर उभा होतो. स्मरणिकेच्या संपादकांना मी हे तीनदा पत्राने कळवले. त्यांचे उत्तर असे की, लोकांना ही गोष्ट आवडते.

साहेबाने सोनूचे नाव घेतले. तेव्हा ओ आली, आणि त्या दिवशी मात्र ती बोगद्यातूनच आली, यात शंका नाही. साहेब वळला. "हा आत काय करतोय?"

वडील म्हणाले, "पाणी उपसतोय साहेब. एकाला आत ठेवावंच लागतं."

साहेब चिखलातून बोगद्याच्या तोंडापर्यंत गेला. इस्त्रीची पॅन्ट, नवे बूट. त्याला जायचे नव्हते, पण गेला. वाकून आत पाहिले आणि स्वतः हाक मारली. काही क्षण काहीच नाही. मग ओ आली आणि खोकला. साहेब तसाच वाकलेला राहिला. मला वाटते, तो आणखी काहीतरी विचारणार होता. पण सरळ झाला तेव्हा त्याने फक्त रुमाल काढून मान पुसली. "खोकल्याला औषध घ्यायला सांगा त्याला," असे म्हणाला आणि यादीवर खूण केली. तो गेल्यावर वडिलांनी कंदील पेटवला आणि मी व विठू आत शिरलो. पार मागच्या मॅनहोलपर्यंत गेलो. विटा, गाळ, ओहोटीचे घोटाभर पाणी. त्या पाण्यावरून नुकतेच कोणी चालून गेल्याचा गढूळपणासुद्धा नव्हता. विठूने कंदील वळवला आणि तो म्हणाला, "चल पक्या. कामावर आहे तो. त्रास नको देऊ."

आम्ही कायम झालो. चाळीत पेढे वाटले गेले, आणि सुंदरावहिनीलाही हसून वाटावे लागले. आता सोनूदादाला मरण्याची मोकळीक होती. गावाकडे सगळे ठरले होते; त्याने आधी कामावर येणे बंद करायचे, मग तिथून त्याच्या मरणाचे कळायचे. आम्हाला करायचे होते ते एवढेच, की काही करायचे नाही. मुकादम नाव घेईल, कोणी ओ देणार नाही, तो गैरहजर लिहील.

पहिल्या सकाळी ओ आली. दुसऱ्या सकाळीही आली. मुकादमाने हजर लिहिले. तिसऱ्या दिवशी वडिलांनी आयुष्यात प्रथमच त्याच्यासमोर बसून त्याला सगळे सांगितले आणि विनवले की, मुकादम, आज गैरहजर लिहा. तो मान न उचलता म्हणाला, "भिकाजी, ओ इली ती मी आयकलंय. ती नाय इली म्हणान कसां लिवू?" वडील चिडून म्हणाले की मेलेल्या माणसाची ओ कसली ऐकता? त्यावर मुकादम म्हणाला की इतके दिवस तीच लिहून घेतलीत ना? वडील उठून रांगेत जाऊन उभे राहिले. असे दिवसांमागून दिवस जाऊ लागले. गावाहून दिराचा निरोप आला की फार थांबता येणार नाही, सोनूच्या मरणाची नोंद आता करावीच लागेल. गावी मेलेला माणूस इथे कामावर हजर निघाला असता तर वहिनीच काय, सारी गँग रस्त्यावर आली असती.

त्या सकाळी हजेरीच्या वेळीच सुंदरावहिनी बोगद्यावर आली. हातात डबा नव्हता. गँगच्या मधून चालत ती थेट मुकादमापुढे जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "दादा, आज ह्यांना हाक मी मारते."

मुकादमाने विचार केला. मग खालीच बघत म्हणाला, "मार."

आमच्या घरांतल्या त्या पिढीच्या बायका नवऱ्याचे नाव घेत नसत. रेशनच्या दुकानात नाव विचारले की वहिनी मला पुढे करी आणि मी ते सांगे. म्हणून त्या सकाळी ती तोंड उघडून उभी राहिली आणि पहिल्यांदा काहीच बाहेर आले नाही. वडिलांनी मान फिरवली. मग ती बोगद्याच्या तोंडाकडे वळली आणि म्हणाली, "सोनू." हळू नव्हे, मोठ्यानेही नव्हे, घरात पलीकडच्या कोपऱ्यात बसलेल्या माणसाला म्हणावे तसे.

आम्ही वाट पाहिली. त्या ओची वाट किती वेळ पाहायची याची आमच्या अंगाला सवय होती, आणि ती वेळ होऊन गेली. वहिनीने पुन्हा नाव घेतले. या वेळी ते लवकर आले, जणू वाट सापडली होती. आत पाण्याचा थेंब पडल्याचे ऐकू आले, आणि तो विरल्यानंतर काहीच नाही. ना ओ, ना खोकला. वहिनी तशीच उभी होती. मग ती खाली बसली, चिखलातच, आणि गावाहून आल्यापासून तिने जो आवाज आवरून धरला होता तो बाहेर पडला. रडताना मध्येच ती म्हणाली, "लिहा दादा."

बाळा मुकादमाने मान वर केली. आमच्यापैकी कोणीही त्याला हजेरीच्या वेळी समोर पाहताना पाहिले नव्हते. त्याने बोगद्याकडे पाहिले, तिच्याकडे पाहिले, आणि गैरहजर लिहिले. वहिनीची नोकरी, ती खोली, पुढे खात्यातून सन्मानाने झालेली तिची निवृत्ती, सारे त्या एका शब्दातून निघाले. त्यात माझी काडीचीही कामगिरी नाही, हे मी पुन्हा एकदा लिहून ठेवतो.

मग त्याने पुढचे नाव घेतले. ते माझ्या वडिलांचे होते. त्यांचे ओठ हलले, पण आवाज फुटला नाही. मुकादमाने त्यांच्याकडे पाहिले, ते उभे आहेत हे पाहिले, आणि हजर लिहिले. त्याने विठूचे नाव घेतले. विठूही गप्पच राहिला. तो एकेक नाव घेत गेला, एकेका चेहऱ्यावर थांबत गेला आणि लिहीत गेला. शेवटी माझे नाव आले. मी तोंड उघडले नाही. तो माझ्याकडे पाहत राहिला, मी त्याच्याकडे, आणि बोगद्याच्या तोंडाशी सुंदरावहिनी मनसोक्त रडत होती.